सेकंड हँड ऑडी क्यू७ घ्यायचीय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथलं सगळं पहिल्या पिढीच्या क्यू७ बद्दल आहे, म्हणजे २००५ ला जगासमोर आली आणि २०१५ पर्यंत विकली गेली ती, गॅरेजवाले जिला ४एल म्हणतात. डिसेंबर २०१५ ला भारतात आलेली नवी क्यू७ पूर्ण वेगळी गाडी आहे, तिला इथले आकडे लावू नका. खर्चाचे आकडे पुण्या-मुंबईतल्या चांगल्या बाहेरच्या गॅरेजमध्ये साधारण किती लागतात त्याचा ढोबळ अंदाज आहेत, शहर बदललं, पार्टची कंपनी बदलली की वर-खाली होणार.

साठ-सत्तर लाखांची गाडी दहा-बारा लाखांत मिळतेय, म्हणजे काहीतरी गडबड असणारच ना?

गडबड असेलच असं नाही. पण स्वस्त का झाली ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गाडीची किंमत दरवर्षी उतरत जाते, तिच्या पार्टची किंमत उतरत नाही. शोरूममधून नवी निघाली तेव्हा जो एअर स्ट्रट (चाकाजवळचा, हवेवर चालणारा शॉकअप) लागत होता तोच आजही लागतो आणि त्याचा भाव आजही साठ-सत्तर लाखांच्या गाडीचाच आहे. पहिला मालक तो खर्च झेलू शकत होता. तिसरा मालक पगारातून हप्ता भरतोय आणि त्याच्यासमोर एकदम तीन लाखांचं एस्टिमेट येतं, मग तो दुरुस्त न करता विकायला काढतो. बाजारातल्या बऱ्याच क्यू७ अशाच वळणावर विकायला आलेल्या असतात, आणि नेमकं तेच एस्टिमेट तुमच्या गळ्यात पडू नये म्हणून एवढं लिहायचं.

गाडी वाईट आहे असं अजिबात म्हणणं नाही. सात माणसं, हायवेला शंभरच्या स्पीडला आत आवाज नाही, सव्वादोन टनांच्या वर वजन असूनही ओव्हरटेकला विचार करावा लागत नाही. आणि आपल्याकडे या गाडीबद्दल वेगळी आपुलकी आहे कारण नंतरच्या बऱ्याच क्यू७ आपल्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शेंद्र्याच्या प्लांटमध्ये जुळवलेल्या आहेत. पण ती सांभाळायला पैसे लागतात आणि ते आधीच बाजूला काढलेले असावे लागतात.

कुठलं इंजिन, कुठलं वर्ष बघायचं?

३.० टीडीआय, सहा सिलिंडर डिझेल. दुसरं काही बघूच नका असं मी सरळ सांगेन. २०१० नंतरच्या गाडीला आठ गिअरचा ऑटोमॅटिक येतो, आधीच्याला सहाचा, त्यामुळे बजेट असेल तर २०१० नंतरचीच बघा. ४.२ टीडीआय म्हणजे व्ही८, दोन टर्बो, चालवायला भन्नाट, पण प्रत्येक काम महाग आणि हात घालणारे मेकॅनिक मोजके. ६.० लिटरची व्ही१२ डिझेलही निघाली होती, ५०० हॉर्सपॉवर आणि १००० न्यूटन मीटर टॉर्क, ती संग्रहात ठेवणाऱ्यांची गाडी आहे, घरच्या वापराची नाही. पेट्रोलचं आवरेज ऐकलंत तर तुम्हीच नको म्हणाल.

एअर सस्पेन्शनची सगळे एवढी भीती का घालतात?

कारण ती भीती खरी आहे. स्प्रिंगच्या जागी रबराचे हवा भरलेले फुगे असतात आणि एक कॉम्प्रेसर त्यांच्यात गरजेप्रमाणे हवा भरतो. आठ-दहा वर्षांनी रबराला बारीक भेगा पडतात, हवा हळूहळू गळायला लागते, सकाळी गाडी एका कोपऱ्याला बसलेली दिसते पण चालू केली की दोन मिनिटांत वर येते, त्यामुळे मालक दुर्लक्ष करतो. इथेच नुकसान होतं. गळणारी हवा भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा पळत राहतो, तापतो, आणि शेवटी तोही जळतो. म्हणजे वेळेत एक स्ट्रट बदलला असता तर निम्म्यात भागलं असतं तिथे स्ट्रट, कॉम्प्रेसर, रिले असं सगळंच करावं लागतं. कधीकधी दोष स्ट्रटमध्ये नसतोच, चारही फुग्यांना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकमधून किंवा पाइपच्या जॉइंटमधून हवा जात असते, म्हणून साबणाचं पाणी मारून गळती नक्की कुठून आहे ते बघितल्याशिवाय पार्ट मागवायला परवानगी देऊ नका.

खर्च असा: बाहेरच्या चांगल्या कंपनीचा पुढचा एक स्ट्रट साधारण ४० ते ७० हजार, कंपनीचा ओरिजिनल लाखाच्या पुढे जातो. मागचे फुगे त्यामानाने स्वस्त. कॉम्प्रेसर ४० ते ८० हजार. चारही कोपरे आणि कॉम्प्रेसर एकदम करायची वेळ आली तर अडीच-तीन लाख धरून चाला.

बघायला जाल तेव्हा मालकाला सांगा गाडी आदल्या रात्री सपाट जागेवर लावून ठेव आणि मी येईपर्यंत चालू करू नको. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर टेपने मोजा, डावं-उजवं सारखं पाहिजे. मग चालू करून मेन्यूमध्ये लिफ्टपासून डायनॅमिकपर्यंत सगळे मोड फिरवा, बॉडी वर-खाली होताना दिसली पाहिजे आणि डॅशवर पिवळा लाइट येता कामा नये. सगळ्या क्यू७ ना एअर नसतं, काही साध्या स्प्रिंगवर आहेत, मेन्यूत हे मोडच नसतील तर तुमची त्यातली समजा, आणि खरं सांगायचं तर जुनी गाडी घेताना ती जास्त बरी.

अजून एक, पंक्चर काढताना जॅक लावायच्या आधी मेन्यूतून जॅक मोड चालू करायचा असतो. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याला हे माहीत नसतं, तुम्हीच उतरून सांगा.

एअर काढून साधे स्प्रिंग बसवले तर?

बसवतात लोक. खर्च कमी येतो, कायमची कटकट जाते. पण ही गाडी ज्या आरामासाठी घेतली तो निम्मा जातो, आणि किट हलकं असेल तर सात माणसं आणि सामान घेऊन मागची बाजू खाली बसते. सिस्टीमला कोडिंग करून सांगावं लागतं की आता एअर नाही, नाहीतर वॉर्निंग लाइट कायम राहतो. काही गॅरेजवाले बल्बच काढून टाकतात किंवा टेप लावतात, तसं केलेली गाडी असेल तर बाकीच्या कामातही असाच हात मारलेला असणार.

टायमिंग चेन म्हणजे नक्की काय प्रकार आहे, बेल्ट नाही म्हणजे चांगलंच ना?

टायमिंग चेन म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारी साखळी, काही इंजिनांत तिच्या जागी रबरी बेल्ट असतो. चेन असणं चांगलंच, पण या ३.० टीडीआय इंजिनात ती मागच्या बाजूला आहे, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे. म्हणजे चेनपर्यंत हात पोचवायचा तर इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. पार्ट फार महाग नाहीत, मजुरी महाग आहे. ताण देणारे टेन्शनर म्हातारे झाले, किंवा आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं नाही, की चेन सैल पडते. खूण एकच लक्षात ठेवा, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा चालू केली की पहिले दोन-चार सेकंद मागून खडखड आवाज येतो आणि ऑइलचं प्रेशर आलं की थांबतो. म्हणून इंजिन गार असतानाच चालू करून बघायचं. तुम्ही पोचायच्या आत मालकाने गाडी गरम करून ठेवली असेल तर चहा प्या, दुसऱ्या दिवशी सकाळी परत या, तरीही गरम केलेली असेल तर सोडून द्या.

पूर्ण काम अडीच ते चार लाखांत जातं. आणि हे काम काढलंच तर गिअरबॉक्स खाली असताना मागचं ऑइल सील, इंजिनच्या व्हीमधल्या ऑइल कूलरची पॅकिंग, गळायला आलेले कूलंटचे पाइप हे सगळं त्याचवेळी करून घ्या, कारण त्या ऑइल कूलरची गळतीही या इंजिनात बघायला मिळते आणि एका मजुरीत दोन कामं होतात. आवाज दुर्लक्षित करून चालवत राहिलात आणि चेनने दात सोडले तर व्हॉल्व्ह वाकतात, मग इंजिनच बघावं लागतं.

इंजिनचा लाइट लागलाय, मालक म्हणतो सेन्सरचा आहे, विशेष काही नाही. खरं मानायचं का?

नाही. स्कॅन करा. व्हीसीडीएस नावाचं टूल ऑडी-स्कोडा करणाऱ्या जवळपास प्रत्येक स्वतंत्र गॅरेजकडे असतं, हजार-दोन हजारांत सगळे मॉड्यूल स्कॅन करून देतात. या इंजिनात नेहमीचे तीन आजार आहेत. एक, इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या आतल्या फ्लॅप, काजळी आणि ऑइल मिळून चिकट थर बसतो, फ्लॅप अडकतात, बाहेरची प्लॅस्टिकची दांडी झिजते, पिकअप कमी होतो. साफ करून चाललं तर दहा-पंधरा हजार, मॅनिफोल्ड बदलावे लागले तर ५० हजार ते लाख. दोन, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि त्याचा कूलर, हाही काजळीचाच भाग. तीन, ज्या गाड्यांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे तिथे तो भरतो, विशेषतः गाडी रोज पुण्यातल्या पुण्यात कोथरूड ते स्वारगेट एवढीच फिरत असेल तर, कारण त्याला स्वतःला जाळून साफ करायला हायवेचा अर्धा तास लागतो.

डीपीएफ कापून टाकतो, दहा हजारांत लाइट बंद करून देतो असं सांगणारे भेटतील. करू नका. नियमात बसत नाही, धूर तुमच्याच मागच्या गाडीतल्या पोरांच्या छातीत जातो, आणि उद्या फिटनेसला गाडी नेली की अडकते.

डिझेल पंपाबद्दल काय ऐकलंय?

नंतरच्या वर्षांच्या ३.० टीडीआयला इंजेक्टरकडे जोरात डिझेल ढकलणारा बॉशचा सीपी४ पंप आहे. तो आतून खराब झाला तर बारीक धातूचा चुरा पूर्ण लाइनमध्ये पसरतो, इंजेक्टरपर्यंत, मग फक्त पंप बदलून भागत नाही. सगळी लाइन, रेल, सहा इंजेक्टर, टाकी साफ, बिल चार-पाच लाखांच्या घरात सहज. वारंवार होतं असं नाही, पण झालं तर गाडीच्या निम्म्या किमतीचं काम. डिझेल फिल्टर वेळेत बदलणं आणि खपाच्या, चालत्या पंपावरच डिझेल भरणं एवढंच तुमच्या हातात आहे. जुना फिल्टर उघडून बघायला सांगा, त्यात चमचमणारा चुरा दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा.

गिअरबॉक्स कसा आहे?

दणकट आहे. सहाचा आणि आठचा दोन्ही आयसिन या जपानी कंपनीचे. फक्त लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, साठ-सत्तर हजार किलोमीटरला बदला, ३० हजारांच्या आसपास लागतात. हळू चालवताना गिअर पडताना झटका बसतो का ते बघा. हळू वळताना किंवा पिकअप घेताना खालून कटकट आवाज आला तर ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) चेन ढिली झाली असू शकते, प्रोपेलर शाफ्टचं बेअरिंगही बघायला सांगा.

पावसाळ्यात इलेक्ट्रिकल लोच्या होतो म्हणतात, ते कशामुळे?

हा प्रश्न मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यातल्या लोकांनी सर्वात जास्त विचारायला पाहिजे आणि सर्वात कमी विचारला जातो. काचेच्या सनरूफच्या चार कोपऱ्यांतून पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात, तशीच वायपरच्या खाली बोनेटच्या मागे एक पन्हळ असते. गाडी गुलमोहराखाली उभी असेल तर त्यात पाकळ्या, पानं, माती साचते, नळ्या तुंबतात, आणि पाणी आत कार्पेटखाली उतरतं. वरून काहीच कळत नाही. पण या गाडीची बॅटरी पुढच्या सीटखाली आहे, वायरिंगचे जॉइंट कार्पेटखाली आहेत, आणि डिकीत डाव्या पॅनेलच्या मागे ॲम्प्लिफायर, रेडिओ असे मॉड्यूल बसवलेत, तिथेही मागच्या लाइटच्या किंवा अँटेनाच्या रबरातून पाणी झिरपतं. मग एक दिवस स्क्रीन बंद, आवाज बंद, पार्किंग सेन्सर बंद. या सिस्टीममध्ये सगळे मॉड्यूल फायबरच्या एका गोल रिंगमध्ये जोडलेले असतात, त्यातला एक मेला की अख्खी रिंग गप्प होते, आणि नक्की कोण मेलाय ते शोधण्यात मेकॅनिकचे दोन-दोन दिवस जातात. मजुरी त्याचीच लागते. एखादं मॉड्यूल बदललं तर ३० हजारांपासून लाखापर्यंत.

म्हणून पुढच्या सीटखाली कार्पेट दाबून ओल आहे का बघा, डिकीत डावं पॅनेल उघडायला सांगा, सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, खालच्या भागावर चिखलाची रेघ असेल तर गाडी पुरात बुडलेली आहे. वास जास्तच छान मारत असेल, अत्तर फवारलेलं असेल, तरी शंका घ्या. आणि गाडी घेतली की दर जूनच्या आधी या नळ्या हवा मारून साफ करून घ्या, पाचशे-हजाराचं काम आहे, लाखाचं वाचतं. पाण्यात बंद पडली तर परत स्टार्ट मारू नका, ढकलून बाहेर काढा, नाहीतर इंजिनात पाणी ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो.

बिघाड सोडून नेहमीचा खर्च किती?

इंजिनला साधारण ८ लिटर ऑइल लागतं आणि ते फोक्सवॅगनच्या ५०७.०० स्पेसिफिकेशनचंच लागतं, त्यामुळे साधी सर्व्हिस बाहेर १५ ते २५ हजार, कंपनीत त्याच्या दुप्पट. माझं मत असं की आपल्या गर्मीत आणि ट्रॅफिकमध्ये दर ८-१० हजार किलोमीटरला ऑइल बदलावं, चेनचं आयुष्य त्याच्यावरच आहे. पुढचे ब्रेक पॅड १२ ते २० हजार, डिस्क घेतल्या तर अजून २५-४० हजार, आणि एवढ्या वजनाच्या गाडीला पॅड लवकर संपतात, घाटात जास्तच. टायर १९ इंची २६५/५० किंवा २० इंची २७५/४५, एक टायर २० ते ३५ हजार. २१ इंची चाकं फोटोत भारी दिसतात पण आपल्या खड्ड्यांत टायरला फोड येतो आणि रिमही वाकतो. बॅटरी २५-३० हजार आणि नवी बसवली की कोडिंग करावं लागतं. आवरेज शहरात ७-८, हायवेला १०-११. टाकी १०० लिटरची आहे, फुल करताना एकदा आकडा बघून घ्या.

सगळं धरून, काहीही मोठं निघालं नाही तरी वर्षाला दीड-दोन लाख.

कंपनीत नेऊ की बाहेर? पार्ट कुठे मिळतात?

इतक्या जुन्या गाडीला बाहेरचाच, पण फक्त ऑडी, स्कोडा, फोक्सवॅगन करणारा. सगळ्या गाड्या करणारा मिस्त्री कितीही हुशार असला तरी या गाडीसाठी नको. आणि एक फायदा लक्षात ठेवा, क्यू७ चा खालचा बराच भाग त्याच काळातल्या फोक्सवॅगन टुआरेग आणि पोर्शे केयेनशी जुळतो, त्यामुळे पार्ट नंबर देऊन शोधलं तर तोच पार्ट पोर्शेच्या डब्यात महाग आणि मूळ बनवणाऱ्याच्या डब्यात स्वस्त मिळतो, लेमफोर्डर, बॉश, माले, मान या कंपन्या ऑडीलाही पुरवतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत काश्मिरी गेट इथे शोध घेता येतो. आरसे, दिवे, दरवाजे, सीट, काचा जुन्या घेतल्या तर हरकत नाही. एअर स्ट्रट, टेन्शनर, ब्रेकचं काहीही जुनं घेऊ नका. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, जुनं एस्टिमेट दाखवत असतील तर नवं मागा.

दिल्ली पासिंगची गाडी दोन-तीन लाखांनी स्वस्त मिळतेय, घेऊ का?

स्वस्त असण्याचं कारण, दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर दिल्ली-एनसीआरमध्ये एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवाद) बंदी घातली आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, त्यामुळे चांगल्या अवस्थेतल्या गाड्याही तिथून बाहेर पडल्या. गाडी चांगली असू शकते. पण हिशोब पूर्ण करा. तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ पाहिजे, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३०, आणि इकडे आल्यावर गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा रोड टॅक्स. नव्या गाडीला २० लाखांवरच्या डिझेलला दर १५ टक्के आहे, जुनीला वयाप्रमाणे कमी होतो, तरीही तो आकडा लाखात जाऊ शकतो, आणि कंपनीच्या नावावर करणार असाल तर दर अजून जास्त. आधी आपल्या आरटीओतून टॅक्स किती बसेल ते काढा, मगच बयाणा द्या. बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्याच्या नंबरवर चालवता येत नाही.

तसंच २०१० च्या गाडीची पंधरा वर्षं भरलीत. आरसी पाच वर्षांनी वाढवून मिळते पण फिटनेस तपासणी, नूतनीकरण फी आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर लागतो. विकणारा हे बोलत नाही, तुम्ही विचारा.

विमा किती मदत करतो?

बिघाडाला शून्य. विमा अपघाताला, चोरीला, पुराला असतो, झिजलेल्या स्ट्रटला नाही. इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप (पार्टच्या वयाची कपात न करणारा विमा) बहुतेक मिळत नाही, म्हणजे अपघातात रबर, प्लॅस्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे तुमचे. इंजिन प्रोटेक्शन मिळत असेल तर मुंबईकरांनी नक्की घ्या. डीलर देतात त्या वॉरंटीचा कागद घरी आणून वाचा, एअर सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक्स वगळलेले असतील तर तिच्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

आम्ही लातूरला राहतो, गाडी तिकडेच राहणार. चालेल?

मी नाही म्हणेन. जवळ या गाडीचा माणूस नसेल तर प्रत्येक लाइटला पुण्याला टोइंग, एकेका वेळेला १५-२० हजार, आणि पार्ट येईपर्यंत गाडी महिनाभर तिकडेच. त्याच पैशात फॉर्च्युनर किंवा क्रिस्टा घ्या, गावात दुरुस्त होते, घरात आजारी माणूस असेल आणि रात्री निघायचं असेल तर गाडी चालूच झाली पाहिजे ना. दुसरी रोजची गाडी घरी असेल, तरच क्यू७ चा विचार करा.

मग किती पैसे हातात असावेत?

गाडी बारा लाखांची ठरली तर तीन-साडेतीन लाख वेगळे, आणि ते कर्जाचे नकोत. हातात एकूण बाराच लाख असतील तर आठ-नऊ लाखांची जास्त जुनी, वाईट क्यू७ शोधू नका, दुसरी गाडी बघा. खूप लोक नेमकं उलटं करतात, सर्वात स्वस्त मिळाली ती घेतात, आणि वर्षभरात महागातली चांगली आली असती एवढा खर्च करून बसतात. सर्व्हिसची बिलं असलेली, चेनचं किंवा एअरचं काम नुकतंच केल्याची पावती असलेली गाडी दोन लाख महाग असली तरी तीच घ्या.

ताबा मिळाल्यावर पहिल्या महिन्यात इंजिन ऑइल, गिअरबॉक्स ऑइल, डिझेल फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल हे सगळं बदला, सनरूफच्या नळ्या साफ, पूर्ण स्कॅनचा कागद फाइलला. ६०-८० हजार जातील. आणि पैसे देण्याआधी दोन्ही चाव्या हातात घ्या, एकच दिली तर दुसरीचे ३०-४० हजार किमतीतून कापा, एमपरिवहन ॲपवर हायपोथिकेशन (गाडीवरचा कर्जाचा बोजा) आणि चलन बाकी आहे का तेही त्याचवेळी बघून घ्या.